अंगण गेलं, ठेका उरला : डान्सहॉलची गोष्ट

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, चहा प्यायलो, ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय, कारण पार पुस्तकी केलं की मलाच ते परकं वाटतं.

सुरुवात एका कॅसिओपासून करतो. लहानपणी माझ्या मावशीकडे एक छोटा कॅसिओ कीबोर्ड होता. कुणीतरी परदेशातून आणलेला. त्यावर आम्ही भावंडं गाणी कमी वाजवायचो आणि ती ठेक्यांची बटणं जास्त दाबायचो. वॉल्ट्झ, रॉक, साम्बा. बटण दाबलं की आपोआप ढाक-चिक-ढाक सुरू. मावशी म्हणायची, "अरे, स्वतः काहीतरी वाजवा की, ते मशीनच वाजवतंय." आम्हाला वाटायचं ते खरंच आहे, मशीन वाजवतंय, यात कसली कला?

पुढे इंजिनिअर झाल्यावर कळलं की असल्याच एका बटणानं एका देशाचं संगीत बदलून टाकलं होतं. तो देश जमैका, आणि ते संगीत डान्सहॉल. आजची गोष्ट त्याचीच आहे. ते कसं उभं राहिलं, कसं जगभर गेलं, आणि ज्या अंगणात ते जन्मलं ते अंगण कसं आकसत गेलं. शेवटी एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मी गेल्या दोन वर्षांत दोनदा बदललंय. तोही तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक घोळ मिटवू. डान्सहॉल म्हणजे आधी गाण्याचा प्रकार नव्हताच. ती जागा होती. नाचायची जागा. जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९४०च्या दशकाचा शेवट आणि पन्नासचं दशक. गावाकडून लोक कामासाठी शहरात येतायत, पत्र्याच्या घरांत राहतायत. श्रीमंतांसाठी हॉटेलं आहेत, तिथे बँड वाजतो. गरिबांना तिथे कोण घेणार? मग काही धंदेवाईक डोक्याच्या लोकांनी युक्ती काढली. एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटाएवढे मोठे स्पीकर. एखादं मोकळं अंगण भाड्यानं घ्यायचं, दारावर तिकीट, आत बिअर आणि अमेरिकन गाण्यांच्या तबकड्या. याला म्हणायचे साउंड सिस्टीम. टॉम वाँग नावाचा चिनी वंशाचा जमैकन दुकानदार या धंद्यातल्या पहिल्या मोठ्या नावांपैकी एक. त्याच्यानंतर ड्यूक रीड आला. हा माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचा मालक. आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी कॉक्सन डॉड.

यात स्पर्धा इतकी की चांगली तबकडी मिळाली की तिच्यावरचं नाव खरवडून काढायचे. का? दुसऱ्याला कळू नये हे गाणं कुणाचं आहे. आज आपण सोर्स कोड लपवतो ना, अगदी तसंच.

पुढे अमेरिकेत रॉक अँड रोल आला आणि किंग्स्टनच्या लोकांना हवी तशी गाणी तिकडून यायची बंद झाली. मग या साउंड सिस्टीमवाल्यांनी स्वतःच गाणी रेकॉर्ड करायला घेतली. त्यातून स्का आलं, मग रॉकस्टेडी, आणि १९६८च्या आसपास रेगे. हे लक्षात ठेवा. जमैकाचं संगीत रेडिओसाठी किंवा मैफलीसाठी तयार झालं नाही, ते अंगणासाठी तयार झालं. आज बनवलेलं गाणं शनिवारी रात्री स्पीकरवर लावायचं, लोक नाचले तर ठेवायचं, नाही नाचले तर फेकायचं. यापेक्षा कडक टेस्टिंग कुठलं असेल?

आता शब्दांचा दुसरा घोळ. आपण ज्याला डीजे म्हणतो, म्हणजे गाणी लावणारा, त्याला जमैकात सेलेक्टर म्हणतात. आणि तिथला डीजे म्हणजे माइक घेऊन गाण्यावर बोलणारा. सुरुवातीला हे नुसतं चिअरिंग होतं. मग १९६०च्या दशकाच्या शेवटी एक गंमत झाली. ड्यूक रीडच्या स्टुडिओत एका सिस्टीमवाल्यासाठी तबकडी कापताना इंजिनिअर गायकाचा आवाज चढवायलाच विसरला. नुसतं वाद्यांचं गाणं आलं. ते अंगणात लावलं तर आख्खी गर्दी शब्द स्वतः गायला लागली. बग होता, फीचर झालं. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला विनाआवाजाची 'व्हर्जन' द्यायची पद्धत पडली, आणि त्या रिकाम्या जागेत डीजे बोलायला लागले. १९७० मध्ये यू-रॉय नावाच्या डीजेची अशी बोललेली गाणी जमैकाच्या यादीत वरच्या जागांवर जाऊन बसली. म्हणजे गाणं न गाणारा माणूस गायकांच्या पुढे गेला.

याच काळात किंग टबी होता. माझा आवडता माणूस. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा तंत्रज्ञ. स्वतःची साउंड सिस्टीम स्वतः बांधणारा. त्यानं मिक्सिंगच्या टेबललाच वाद्य केलं. ड्रम काढ, बास ठेव, आवाजाचा तुकडा घे आणि त्याला प्रतिध्वनीत सोडून दे. त्याला डब म्हणतात. आज जगात कुठेही रीमिक्स होतो, त्याच्या पूर्वजांत हा माणूस आहे. १९८९च्या फेब्रुवारीत त्याच्या घराबाहेर त्याला गोळी घालून मारलं. असे मृत्यू या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतील, म्हणून आधीच सांगतो.

आणि याच अंगणातलं एक पोर आई-वडिलांबरोबर न्यूयॉर्कला गेलं. त्याचं नाव पुढे कूल हर्क. ऑगस्ट १९७३ मध्ये ब्राँक्समध्ये त्यानं मोठे स्पीकर लावून बहिणीची पार्टी केली. हिप-हॉपची जन्मकथा तिथून सांगतात. तेव्हा किंग्स्टनचं अंगण किती लांब गेलंय बघा.

आता १९८० या वर्षाकडे येऊ. जमैकात निवडणूक होती. एका बाजूला मायकेल मॅनली, दुसऱ्या बाजूला एडवर्ड सिआगा. दोन्ही पक्षांच्या बंदूकधारी टोळ्या वस्त्या वाटून बसलेल्या. त्या एका वर्षात सुमारे ८०० माणसं मारली गेली. जेमतेम बावीस लाखांच्या देशात! सिआगा जिंकला. गंमत म्हणजे हा सिआगा स्वतः एकेकाळी रेकॉर्ड कंपनी चालवणारा निर्माता होता. पुढच्या वर्षी, ११ मे १९८१ला बॉब मार्ली गेला.

मार्लीचं रेगे जगाशी बोलत होतं. आफ्रिका, मुक्ती, देव. पण इतक्या रक्तपातानंतर किंग्स्टनच्या पोरांना जगाशी बोलायचंच नव्हतं. त्यांना आपल्या गल्लीबद्दल बोलायचं होतं. शुक्रवारी कुठे नाचायचं, कोण कुणाबरोबर, कुणाचे कपडे भारी, कुणाकडे बंदूक. रेडिओवर हे वाजत नव्हतं. ते फक्त डान्सहॉलमध्ये वाजायचं. म्हणून संगीताचंही नाव तेच पडलं. या काळाचा राजा यलोमॅन. जन्मापासून अंगावर कोड नव्हे, पूर्ण वर्णहीन, अनाथाश्रमात वाढलेला माणूस. जमैकात वर्णहीन माणसाला लोक जवळ उभं करत नसत. तो माइक घेऊन आला आणि म्हणायला लागला, माझ्याइतका देखणा कोण आहे? अख्खं बेट त्याच्यामागे लागलं. डान्सहॉलची ताकद मला इथे दिसते. ज्याला कुठेच जागा नाही, त्याला रात्रभरासाठी जागा.

आता ते बटण.

१९८१ मध्ये कॅसिओनं एमटी-४० नावाचा छोटा कीबोर्ड बाजारात आणला. त्यातले ठेके तयार करायचं काम कंपनीत नुकत्याच लागलेल्या एका तरुणीकडे आलं. ओकुदा हिरोको. संगीताची पदवीधर, आणि कॉलेजात तिनं प्रबंध लिहिला होता तो रेगेवर! तिनं 'रॉक' नावाच्या बटणासाठी एक बास-ड्रमची चाल लिहिली. कीबोर्ड विकला गेला, काही काळानं बंद झाला, ती दुसऱ्या कामाला लागली. आपल्या सगळ्यांचं होतं तसंच.

इकडे किंग्स्टनमध्ये नोएल डेव्ही नावाच्या तरुणाकडे तो कीबोर्ड आला. तो आणि त्याचा मित्र वेन स्मिथ बटणं दाबत बसले होते, जसे आम्ही मावशीकडे बसायचो. त्यांना ती चाल सापडली. ते ती घेऊन जॅमीकडे गेले. जॅमी म्हणजे किंग टबीच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्यानं वेग कमी केला, वर थोडी भर घातली, वेन स्मिथ गायला. गाण्याचं नाव 'अंडर मी स्लेंग टेंग'. २३ फेब्रुवारी १९८५च्या रात्री जॅमीनं एका प्रतिस्पर्धी सिस्टीमबरोबरच्या सामन्यात ते गाणं लावलं, आणि सामना तिथेच संपला. त्या रात्रीनंतर जमैकाचं संगीत डिजिटल झालं.

गाण्याचा विषय गांजा. आणि गांजा हा शब्द जमैकात आपल्याकडून गेलेला. १८४५ पासून पुढे सत्तर वर्षं भारतातून ३६ हजारांहून जास्त गिरमिटिया मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, बहुतेक उत्तर भारतातले. त्यांच्याबरोबर तो शब्द गेला. त्यांच्याच वंशातला, अर्धा भारतीय अर्धा आफ्रिकी, सुपर कॅट हा पुढे डान्सहॉलच्या सर्वात मोठ्या डीजेंपैकी एक झाला. खरं नाव विल्यम माराघ. हे 'माराघ' म्हणजे आपलं महाराज असावं, असं मला आपलं वाटतं. माझा अंदाज, पुरावा नाही.

त्या एका चालीवर पुढे शेकडो गाणी झाली. याला म्हणतात रिडिम. जमैकाची ही पद्धत समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून नीट ऐका. रिडिम म्हणजे एका गाण्याचा बास आणि ड्रमचा सांगाडा. तो एक जण तयार करतो. मग त्यावर दहा, वीस, पन्नास गायक आपापलं गाणं बसवतात. सगळी गाणी एकामागून एक लावली तरी नाच थांबत नाही, कारण खालचा ठेका तोच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच रेपॉझिटरी आणि पन्नास फोर्क. तक्रार कुणाची नाही. उलट जितके फोर्क, तितका मान.

त्याची किंमत नव्हती असं नाही. संगणकावर ठेका तयार व्हायला लागल्यावर स्टुडिओत बसणाऱ्या कितीतरी वादकांचं काम गेलं. पण दुसरीकडे, ज्याच्याकडे एक कीबोर्ड आणि चार मित्र आहेत, तो निर्माता होऊ शकला. मग नव्वदचं दशक आलं आणि स्फोट झाला. शाब्बा रँक्सनं सलग दोन वर्षं ग्रॅमी घेतलं. १९९२ मध्ये कार्लीन स्मिथ पहिली डान्सहॉल क्वीन झाली. भडक कपडे, रंगीत विग, आणि तिच्याकडे सगळ्यांचे कॅमेरे. जमैकातल्या विद्यापीठात प्राध्यापक कॅरोलिन कूपर या संगीतावर गंभीरपणे लिहायला लागल्या. प्रतिष्ठित लोक म्हणत होते हे अश्लील आहे. त्या दाखवत होत्या की दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासणारी बाई रात्री इथे स्वतःच्या शरीराची मालकीण असते.

आपल्याकडेही ती लाट आली होती बरं का. बर्मिंगहॅमचा पंजाबी पोरगा अपाची इंडियन. १९९३चं त्याचं 'बूम शॅक-अ-लॅक' आपल्या दादा-ताईंच्या पिढीनं टीव्हीवर पाहिलंय. १९९६च्या 'लव्ह बर्ड्स'मध्ये रहमाननं त्याला गायला घेतलं. आणि २००३ मध्ये तर स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनच्या एका रिडिमवरची तीन वेगवेगळी गाणी अमेरिकेत गाजली. शॉन पॉल, वेन वंडर आणि ल्युमिडी. शॉन पॉलचं तर तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या टाळ्यांच्या रिडिमचं नाव काय होतं? 'दिवाली'.

हे झालं शिखर. आता उतार.

उताराचं एक कारण सांगून मोकळं होता येत नाही. मला चार दिसतात.

पहिलं, आवाज. १९९७ मध्ये जमैकानं आवाज नियंत्रणाचा कायदा केला. आठवड्याच्या दिवसांत मध्यरात्री आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री दोनला स्पीकर बंद. आपल्याकडे डॉल्बीवरून दरवर्षी जे वाद होतात, ते ऐकून मोठे झालेल्या माणसाला हा कायदा पटतो. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचं पोर असतं. मलाही पटतो. पण किंग्स्टनचा डान्स मध्यरात्रीनंतर भरायला लागायचा! लोक येणार दीडला आणि बंद करायचं दोनला. मग परवानगी, पोलीस, ओळखीपाळखी. आणि एका डान्सवर किती जणांचं पोट असतं बघा. भाजलेलं चिकन विकणारा, शेंगदाणेवाला, बिअरची पेटी घेऊन बसलेली बाई, कपडे शिवणारी, केस करणारी, स्पीकर वाहणारी पोरं. स्पीकर बंद झाला की या सगळ्यांचा धंदा बंद.

दुसरं, बंदूक. डान्स चालायचे त्या वस्त्या दादांच्या होत्या. जमैकात त्यांना डॉन म्हणतात. २००३ पासून टिवोली गार्डन्स या वस्तीत दर बुधवारी रात्री 'पासा पासा' नावाचा रस्त्यावरचा डान्स भरायचा. तो इतका गाजला की शहरातले श्रीमंत, परदेशी पाहुणे, सगळे तिथे जायचे, पहाटे उजाडेपर्यंत. तिथे कुणी कुणाला हात लावत नसे, कारण वस्तीचा डॉन क्रिस्टोफर 'डुडस' कोक याचा धाक. म्हणजे जी जागा सर्वांसाठी खुली होती, ती एका गुन्हेगाराच्या जोरावर खुली होती. मे २०१० मध्ये अमेरिकेच्या मागणीवरून त्याला पकडायला लष्कर आणि पोलीस वस्तीत घुसले. सत्तरच्या आसपास माणसं मेली. पासा पासा संपलं. डॉन गेला ते बरंच झालं, पण बुधवारची रात्रही गेली.

कलाकारांचंही तेच. नाचांच्या नवनव्या पद्धती काढणारा बोगल जानेवारी २००५ मध्ये गोळीबारात गेला. सर्वात हुशार शब्द लिहिणारा वायब्झ कार्टेल २०११ मध्ये पकडला गेला आणि २०१४ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला.

तिसरं कारण सांगताना मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. कॉलेज संपल्यावर पुण्यात आम्ही चार-पाच मित्र घरच्या पार्ट्यांत गाणी लावायचो. मी डान्सहॉलवाला म्हणून मिरवायचो. बुजू बँटनचं १९९२चं एक गाणं माझं हुकमी होतं. ठेका असा की लोक उठलेच पाहिजेत. एका रात्री एक मित्र मला बाल्कनीत घेऊन गेला. म्हणाला, "तुला याचे शब्द कळतात का?" मी म्हटलं, "पॅटवा आहे रे, कोणाला कळतंय." तो म्हणाला, "मला कळतात. समलिंगी माणसांना गोळ्या घाला असं म्हणतोय तो. आणि मी तसा आहे, हे तुला आज सांगतोय." नंतर तो आत गेला आणि सगळ्यांबरोबर हसत बसला. मी बराच वेळ बाहेरच उभा होतो.

हे गाणं एकटं नव्हतं. अशी कितीतरी होती. नव्वदच्या दशकापासून ब्रिटन-अमेरिकेत त्याविरुद्ध मोहीम उभी राहिली, कार्यक्रम रद्द झाले. २००७ मध्ये काही कलाकारांनी द्वेषाची गाणी न गाण्याच्या करारावर सह्या केल्या, त्यातल्या काहींनी नंतर हात झटकले. २०१० मध्ये बीनी मॅन, बाउंटी किलर, मॅव्हाडो अशा मोठ्या कलाकारांचे अमेरिकेचे व्हिसा रद्द झाले. जमैकाच्या कलाकाराची खरी कमाई परदेश दौऱ्यांवर असते, त्यामुळे हा घाव पोटावर होता. बरेच चाहते म्हणतात, बाहेरच्यांनी आमची संस्कृती मारली. मी आता तसं म्हणू शकत नाही. ज्या अंगणानं यलोमॅनला जागा दिली, त्याच अंगणानं माझ्या मित्रासारख्यांना जागा नाकारली. तो उतार बाहेरून आला नव्हता, आतूनच होता. आणि हेही सांगतो की बुजूनं ते गाणं पुढे स्वतःच आपल्या संग्रहातून काढून टाकलं.

चौथं कारण तंत्रज्ञान. म्हणजे आम्ही लोक. पूर्वी साउंड सिस्टीमची ताकद होती ती डबप्लेटमध्ये. गायकाकडून खास आपल्या सिस्टीमचं नाव घालून गाऊन घेतलेलं, एकाच तबकडीवर कापलेलं गाणं. ते ऐकायचं तर त्या अंगणातच जायला हवं. फाइल आली आणि एकमेव असं काही उरलं नाही. तबकड्या विकून मिळणारे पैसे गेले. डान्समध्ये व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. लोक एकमेकांसमोर नाचायचे, ते कॅमेऱ्यासमोर नाचायला लागले. मे २०२०, टाळेबंदी. बीनी मॅन आणि बाउंटी किलर इन्स्टाग्रामवर आमनेसामने आले आणि एकाच वेळी जवळजवळ पाच लाख लोकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं, रात्र जागून. अफाट होतं. पण शेंगदाणेवाला त्यात कुठे होता?

आता तो प्रश्न, ज्यासाठी हा सगळा भाग केला.

१९८९ मध्ये स्टीली आणि क्लीव्ही या जोडीनं एक रिडिम केलं, 'फिश मार्केट'. त्याच वळणाच्या ठेक्यावर शाब्बा रँक्सचं 'डेम बो' आलं. तो ठेका पनामात गेला, कारण तिथे कालव्याच्या कामाला गेलेल्या जमैकन मजुरांची नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांनी तो स्पॅनिशमध्ये आणला. तिथून न्यूयॉर्क, प्वेर्तो रिको, आणि त्याचं झालं रेगेटॉन. आज जगात सर्वात जास्त ऐकल्या जाणाऱ्या संगीतांपैकी एक. 'डेम बो'चे शब्दही द्वेषाचेच होते. शब्द मागे पडले, ठेका पुढे गेला. स्टीली २००९ मध्ये वारला. २०२१ मध्ये त्यांच्या कंपनीनं अमेरिकेत दावा लावला की रेगेटॉनचा मूळ ठेका आमचा आहे. पुढे दाव्यात दीड हजाराहून जास्त गाणी आली. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं, हे चूक आहे. ज्या संस्कृतीत रिडिम सगळ्यांचं, तिनंच आता मालकी सांगायची? स्लेंग टेंगबद्दल कॅसिओनं दावा लावला असता तर? कंपनीनं लावला नाही, म्हणून तर शेकडो गाणी झाली.

मग माझ्याबाबतीत एक छोटी गोष्ट घडली. मी मोकळ्या परवान्यावर एक लहानशी लायब्ररी लिहून टाकली होती. दोन वर्षं रात्री बसून. एका कंपनीनं ती आपल्या प्रॉडक्टमध्ये घेतली. परवान्यात बसत होतं, कायद्यानं काहीच चूक नव्हती. पण त्यांच्या कार्यक्रमात ती त्यांचा शोध म्हणून दाखवली गेली. मला पैसे नको होते हो. नुसतं नाव हवं होतं. त्या दिवशी मला क्लीव्ही कळला.

किंग्स्टनमध्ये रिडिम फुकट वापरलं जायचं तेव्हा सगळे एकाच अंगणात होते. आज तू माझं घेतलंस, उद्या मी तुझं घेईन. कुणी घेतलं ते सगळ्यांना माहीत. हिशोब कागदावर नव्हता, पण होता. ठेका अंगणाबाहेर गेला की घेणारा परत देत नाही, कारण तो अंगणात येतच नाही. २०१५-१६ मध्ये मोठमोठ्या पाश्चात्त्य कलाकारांची त्याच वळणाची गाणी पहिल्या क्रमांकावर होती, आणि बातम्यांत त्यांना 'ट्रॉपिकल हाउस' म्हणत होते. बेटाचं नावच गायब!

म्हणून आज माझं उत्तर असं आहे : ठेक्याला कुंपण घालू नये, पण तो कुठून आला हे सांगायलाच हवं, आणि त्यातून कोट्यवधी कमावणाऱ्यानं त्या अंगणाकडे काहीतरी परत पाठवायला हवं. कोर्ट हे कसं बसवेल ते मला ठाऊक नाही. हे उत्तर तिसऱ्यांदा बदललं तर कळवतो.

मग डान्सहॉल संपलं का? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं मार्च २०२४ मध्ये कार्टेलची शिक्षा रद्द केली, जुलैमध्ये तो सुटला, आणि ३१ डिसेंबरला किंग्स्टनच्या राष्ट्रीय मैदानावर त्यानं गर्दी खेचली. १९७२ पासूनची स्टोन लव्ह साउंड सिस्टीम अजून वाजते. जपानच्या मायटी क्राउननं तर १९९९ मध्येच न्यूयॉर्कला जाऊन जागतिक सामना जिंकला होता. गोव्यात रेगेचा महोत्सव भरतो. तेव्हा संगीत मेलेलं नाही. आकसली ती जागा. जिथे गरीब माणूस तिकीट काढून पहाटेपर्यंत राजा असायचा, आणि त्याचा शेंगदाणेवालाही सकाळी चार पैसे घेऊन घरी जायचा.

ओकुदाबाईंचं राहिलंच. त्यांना आपल्या बटणाचं किंग्स्टनमध्ये काय झालं ते नंतर कळलं. पुढे लोक त्यांना शोधत आले, मुलाखती घेतल्या. नाव उशिरा का होईना, पोचलं.

त्या मित्राला हा भाग प्रसिद्ध करण्याआधी ऐकवला. त्याच्या परवानगीशिवाय बाल्कनीची गोष्ट सांगितली नसती. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण लांबलाय." आणि मग स्वतःच 'दिवाली' रिडिम लावलं.

तुम्हीही लावा. मोठ्या आवाजात, पण शेजाऱ्यांकडे बघून. पुढच्या भागात भेटू.